घरचं वाय-फाय आणि गेमिंग कन्सोल: जोडणी तिघांनाही जमते, बिघाड कोण नीट सांगतो?

कन्सोल वाय-फायला जोडायचं काम चार पायऱ्यांचं आहे. मेनू उघडायचा, आपलं नेटवर्क निवडायचं, पासवर्ड टाकायचा आणि चाचणी चालवायची. प्लेस्टेशन ५ असो, एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस असो, नाहीतर निन्टेंडो स्विच, पाच मिनिटांत हे उरकतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. मित्राचा आवाज तुटक येतो, गोळी झाडल्यावर समोरचा अर्ध्या सेकंदाने पडतो, डाउनलोड रात्रभर चालू ठेवूनही सकाळी निम्मंच झालेलं असतं. अशा वेळी दोष राउटरचा, बाहेरच्या लाइनचा की कन्सोल ठेवलेल्या जागेचा, हे शोधायला तो कन्सोल किती मदत करतो? या परीक्षणात आम्ही गुण दिलेत ते याच निकषावर.

आतला रेडिओ

रेडिओ म्हणजे कन्सोलमधला वाय-फाय पकडणारा भाग, आणि वाय-फायपुढचा आकडा म्हणजे त्याची पिढी. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तोच वाय-फाय ६ घेऊन. त्याच महिन्यात आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसला मात्र वाय-फाय ५ वर, म्हणजे ८०२.११ एसी या प्रकारावर ठेवलं गेलं. मार्च २०१७ चा पहिला स्विचही वाय-फाय ५ चाच. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोला थेट वाय-फाय ७ मिळालं आणि जून २०२५ च्या स्विच २ ला वाय-फाय ६.

जुनं यंत्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. २०१३ चा पहिला प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, चालतो. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याच्या यादीत कधीच दिसणार नाही, राउटर शेजारी आणून ठेवला तरी. २०१६ च्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांना दोन्ही बँड आहेत. ‘फोनला वाय-फाय दिसतं, कन्सोलला दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

आकडा मोठा म्हणजे खेळ चांगला असं समीकरण मात्र मांडू नये. चांगला सिग्नल असेल तर वाय-फाय ५ चा रेडिओ १०० किंवा २०० मेगाबिटची घरची लाइन आरामात पेलतो. वाय-फाय ६ चा फायदा जाणवतो तो घरात वीस-पंचवीस उपकरणं एकाच वेळी हवेत बोलत असतील तेव्हा, कारण त्यात राउटर एकाच फेरीत अनेक उपकरणांना वाटून माहिती देऊ शकतो. त्यासाठी राउटरही वाय-फाय ६ चा हवा. जुन्या राउटरशी जोडलेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स यांच्यात रेडिओपुरता फारसा फरक उरत नाही.

नाव आणि पासवर्ड

हे प्रकरण क्षुल्लक वाटतं, पण पहिल्याच दिवशी लोक अडतात ते इथे. कंट्रोलरने एकेक अक्षर उचलताना मोठा आय आणि छोटा एल सारखे दिसतात, शून्य आणि ओ यांची गल्लत होते, आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा तर दिसतही नाही. टाकलेली अक्षरं पडद्यावर दाखवण्याची सोय असेल तर ती आधी चालू करा. त्याहून सोपं म्हणजे यूएसबीचा साधा कीबोर्ड. तो प्लेस्टेशन ५ ला आणि एक्सबॉक्सला थेट लागतो, स्विचला डॉकमधून (त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या खोबणीतून) लागतो. पासवर्ड टाकून झाला की काढून ठेवायचा.

वाय-फायचं नाव देवनागरीत ठेवायची हौस असेल तर थोडं गणित करावं लागतं. नावाला जास्तीत जास्त ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा-अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्हसुद्धा प्रत्येकी ३ बाइट खातं. ‘आपलं घर’ हे नाव १९ बाइटमध्ये बसतं. ‘आमच्या घरचं वाय-फाय’ मात्र ५१ बाइटचं होतं आणि राउटर ते स्वीकारत नाही किंवा मध्येच तोडतो. पासवर्डाचे नियम आणखी कडक आहेत. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत तो ८ ते ६३ अक्षरांचा आणि साध्या इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांचाच लागतो. कन्सोलपुरतं बोलायचं तर नावही रोमन अक्षरांत आणि आटोपशीर ठेवलेलं बरं.

सुरक्षेच्या पर्यायात राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर जुने कन्सोल जोडणी नाकारतात आणि पासवर्ड चुकीचा असल्यासारखं वागतात. डब्ल्यूपीए३ हे मानक २०१८ मध्ये आलं, त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांना ते ठाऊक नसतं. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय असतो, तो निवडा. सुरक्षाच काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

प्लेस्टेशन ५: रेडिओ उत्तम, बोलणं मोजकं

मार्ग असा: ‘सेटिंग्ज’, मग ‘नेटवर्क’, पुन्हा ‘सेटिंग्ज’, मग ‘सेट अप इंटरनेट कनेक्शन’. यादीत आपलं नेटवर्क दिसेल. त्यावर थेट एक्सचं बटण दाबण्याऐवजी ऑप्शन्सचं बटण दाबून पाहा. तिथे वाय-फायचा बँड निवडण्याची सोय आहे. हल्लीचे बरेच राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली प्रसारित करतात आणि कोणतं उपकरण कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. मग कन्सोल कधी गुपचूप २.४ वर जाऊन बसतो आणि आपण लाइनला दोष देत राहतो. इथे ५ गिगाहर्ट्झ पक्कं करून टाकलं की हा लपंडाव थांबतो. इतकी उपयोगी सोय अशी आडबाजूला ठेवली आहे याचं वाईट वाटतं.

‘टेस्ट इंटरनेट कनेक्शन’ चालवल्यावर निकाल एकामागून एक ओळीत येतात. ते वाचायची एक रीत आहे. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कन्सोलचा क्रमांक) मिळवण्यातच अपयश आलं तर भांडण कन्सोल आणि राउटर यांच्यातलं आहे. बाहेरच्या लाइनला हात लावायची गरज नाही. पत्ता मिळाला पण इंटरनेटच्या ओळीत अपयश आलं तर लाइन बंद आहे किंवा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, उत्तर देत नाही. आणि इंटरनेट ठीक असून फक्त प्लेस्टेशन नेटवर्कचं साइन-इन अडलं, तर आधी सोनीच्या सेवेची स्थिती तपासा, घरातलं काही उलथापालथ करू नका. कोणती ओळ पडली एवढं बघितलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

उणीव ही की चाचणी वेग आणि नॅटचा (घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवण्याच्या राउटरच्या पद्धतीचा) प्रकार सांगून गप्प बसते. किती माहिती वाटेत हरवली आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले, हे ती सांगत नाही, आणि खेळताना अडचण असते ती नेमकी याच दोन बाबतींत. वेगाचा आकडाही अंदाजापुरताच धरावा. तो ९० चा ६० आला म्हणून राउटर बदलायला धावू नये. त्याच वेळी एखादा मोठा खेळ उतरवायला लावून प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते पाहणं अधिक खात्रीचं.

प्लेस्टेशन पोर्टल घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं हे हातात धरायचं उपकरण वाय-फाय ५ वर चालतं, आणि रिमोट प्लेसाठी, म्हणजे प्लेस्टेशनवरचा खेळ त्यावर खेळण्यासाठी, सोनी किमान ५ आणि चांगल्या अनुभवासाठी १५ मेगाबिट सांगते. आकडे छोटे आहेत, तरी घरोघरी चित्र अडखळतं. कारण साधं आहे. प्लेस्टेशनही वाय-फायवर आणि पोर्टलही वाय-फायवर असेल तर तेच चित्र हवेतून दोनदा जातं, आधी कन्सोलकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून पोर्टलकडे. प्लेस्टेशनला केबल लावली की हवेतला भार निम्मा होतो. पोर्टलबद्दल काहीही मत बनवण्याआधी एवढं करून बघावं.

एक्सबॉक्स: निदानात सर्वांत पुढे

‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘नेटवर्क सेटिंग्ज’ आणि मग ‘सेट अप वायरलेस नेटवर्क’. जोडणीत वेगळं काही नाही. त्याच पानावर उजवीकडे चाचण्यांची रांग आहे आणि एक्सबॉक्सने बाजी मारली आहे ती तिथे. वेग आणि आकडेवारीची चाचणी डाउनलोड, अपलोड, वाटेत हरवलेल्या पॅकेटची (माहितीच्या तुकड्यांची) टक्केवारी, मिलिसेकंदांतला विलंब आणि एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) असं सगळं एका पडद्यावर मांडते. नॅटची चाचणी वेगळी. एकामागे एक दोन राउटर बसले असतील तर ‘डबल नॅट’ असं नाव घेऊन सांगते. इतर कन्सोलवर हाच दोष शोधायला दोन-दोन संध्याकाळी जातात.

यातला हरवलेल्या पॅकेटचा आकडा शून्यच हवा. एक टक्कासुद्धा वेगवान खेळात जाणवतो. तो एखाद-दुसऱ्या वेळी आला तर सोडून द्या; पाच-पाच मिनिटांनी चार वेळा चाचणी घेऊन दर वेळी आला तर कन्सोलची जागा किंवा बँड बदलायची वेळ आली आहे.

‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये डीएनएस, पर्यायी मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि पर्यायी पोर्ट (माहितीच्या ये-जा करण्याचं दार) अशा तीन कामाच्या गोष्टी आहेत. मॅक पत्ता पुसून कन्सोल पुन्हा चालू केल्यावर अडकलेली जोडणी कधी कधी सुटते. करायला हरकत नाही, धोका काही नाही.

एक्सबॉक्सवरचा एक प्रकार मात्र वाय-फायचा दोष समजला जातो आणि तो तसा नसतो. ‘क्विक रिझ्यूम’मधून खेळ जिथे सोडला तिथून उघडतो, पण सर्व्हरशी असलेलं त्याचं नातं मधल्या काळात तुटलेलं असतं. खेळ म्हणतो ‘कनेक्शन गेलं’, आणि माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. खेळाच्या चिन्हावर मेनूचं बटण दाबून ‘क्विट’ करा आणि तो नव्याने उघडा. चाचणी ठीक येत असेल आणि एकच खेळ रुसला असेल तर सगळ्यात आधी हेच करावं.

निन्टेंडो स्विच: हातात एक, डॉकमध्ये दुसरा

‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘इंटरनेट’, ‘इंटरनेट सेटिंग्ज’. नेटवर्कांचा शोध आपोआप सुरू होतो. जोडल्यावर ‘टेस्ट कनेक्शन’ चालवलं की नॅटचं अक्षर आणि दोन्ही दिशांचा वेग मिळतो. विलंबाचा आकडा इथेही नाही.

स्विचची वाय-फाय जोडणी तिघांत सर्वांत नाजूक आहे आणि त्याचं मोठं कारण त्याची बसायची जागा. डॉक टीव्हीच्या मागे सरकवलेला असतो, आणि टीव्हीच्या मागचा धातूचा पत्रा सिग्नलच्या आड भिंतीसारखा उभा राहतो. सुदैवाने हे तपासायला याच यंत्राइतकं सोयीचं दुसरं नाही. डॉकमध्ये असताना चाचणी घ्या, आकडे लिहून ठेवा. मग स्विच डॉकमधून उचला, टीव्हीच्या पुढे त्याच खोलीत धरा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. हातात ६० आणि डॉकमध्ये १२ मेगाबिट येत असेल तर राउटर निर्दोष आहे. डॉक टीव्हीच्या मागून काढून बाजूला, मोकळ्यावर ठेवायचा.

चूक झाली की स्विच अंकांचा संकेत दाखवतो. उदाहरणार्थ २६१८-०५१६ हा संकेत म्हणजे नॅटमुळे दुसऱ्या खेळाडूच्या कन्सोलपर्यंत पोचता आलं नाही. निन्टेंडोच्या मदतपानावर संकेत टाकला की अर्थ कळतो, पण यंत्रानेच सरळ शब्दांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्विचमध्ये एमटीयू मुळात १४०० असतो, तो १५०० करा असा सल्ला सर्रास दिला जातो. डाउनलोड किंचित सुधारू शकतं. पण लाइन पीपीपीओई प्रकारची (यूजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारी) असेल तर तिथली मर्यादा १४९२ आहे, आणि त्याहून मोठा आकडा टाकून अडचण सुटण्यापेक्षा वाढायचीच शक्यता. खेळ अडखळण्याशी तर याचा जवळजवळ संबंध नाही. आमच्या मते १४०० ला हात लावू नये.

हवेतली गर्दी

२.४ गिगाहर्ट्झ भिंती ओलांडून लांब जातं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींपुढे थकतं, इतकं सर्वांना माहीत असतं. कन्सोलसाठी ५ ची बाजू घ्यायला याहून जवळचं कारण आहे. प्लेस्टेशनचा कंट्रोलर आणि स्विचचे जॉय-कॉन ब्लूटूथवर चालतात आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवरच आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. त्यात कन्सोलच्या यूएसबी ३ पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावली असेल तर तिच्या केबलमधून निघणारा विद्युत गोंगाटही याच पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तपशीलवार लिहून ठेवलं आहे. डिस्क लावल्यापासून नेट मंद झालं किंवा कंट्रोलर अडखळायला लागला असं वाटत असेल तर तो भास नाही. चांगल्या आवरणाची केबल वापरा, डिस्क हातभर लांब ठेवा, आणि कन्सोल ५ गिगाहर्ट्झवर न्या.

भिंतींमुळे २.४ वरच राहावं लागलं तर राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. एकमेकांवर न चढणारी चॅनेलं एवढी तीनच आहेत. ‘मोकळं दिसतंय’ म्हणून ३ किंवा ८ निवडलं तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा त्रास पदरात पडतो.

५ गिगाहर्ट्झवरही एक खाचखळगा आहे. चॅनेल ५२ ते १४४ हा भाग रडारसाठीही वापरला जातो. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं. लक्षण असं दिसतं की खेळ ऐन रंगात असताना ५ गिगाहर्ट्झवरची सगळी उपकरणं एकदम तुटतात आणि मिनिटाभराने जणू काही झालंच नाही अशी परत येतात. काही उपकरणांना ही चॅनेलं दिसतच नाहीत. उपाय म्हणजे चॅनेल ‘ऑटो’वर न सोडता ३६ ते ४८ मध्ये, किंवा देशाच्या नियमात बसत असेल तर १४९ च्या पुढे, पक्कं करणं.

जागा निवडताना फोनवर वाय-फाय मोजणारं ॲप घ्या आणि फोन कन्सोलच्या नेमक्या जागी, त्याच कपाटात, दार लावून ठेवा. उणे ६० डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) किंवा त्याहून शून्याजवळचा आकडा आला तर निश्चिंत राहा, उणे ६७ पर्यंत चालेल, उणे ७५ च्या खाली गेलं की तक्रारी सुरू होणारच. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटर असते, त्यामुळे कन्सोल वीतभर सरकवल्यानेही आकडा लक्षात येईल इतका बदलतो. ही गंमत एकदा करून पाहाच. बंद लाकडी कपाटापेक्षा धातूची जाळी, आरसा आणि माशांची टाकी जास्त नडतात.

वेग आणि विलंब यांची गल्लत

१०० गिगाबाइटचा खेळ १०० मेगाबिटच्या लाइनवर उतरायला उत्तम परिस्थितीत सव्वादोन तास लागतात. वाय-फाय नीट नसल्याने प्रत्यक्षात ३० मेगाबिटच मिळत असतील तर साडेसात तास. इथे वेगाला महत्त्व आहे. ऑनलाइन खेळायला मात्र फार थोडं लागतं, बहुतेक खेळांत सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे अडखळणाऱ्या खेळावर मोठ्या वेगाची योजना घेणं हा बहुतेक वेळा पैशांचा अपव्यय ठरतो.

नेमका दोष शोधायला संगणकावरून दोन पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) चालवा. संगणक कन्सोलच्या शेजारी आणि त्याच वाय-फायवर हवा. पहिलं पिंग राउटरच्या पत्त्याला, जो अनेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरं बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरचं उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत येत राहिलं आणि बाहेरचं मध्येच ३०० वर उडालं, तर वाय-फाय ठीक आहे आणि गर्दी लाइनवर आहे. राउटरचंच उत्तर उड्या मारत असेल तर दोष हवेत आहे.

लाइनवरची गर्दी बहुधा अपलोडची असते. घरातला एखादा फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो, राउटरच्या रांगेत माहितीचा ढीग साचतो, आणि खेळाचं छोटंसं पॅकेट त्या ढिगाच्या मागे ताटकळतं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम ही रांग सांभाळणारी सोय असेल तर अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग जातो, पण रांग राउटरच्या ताब्यात येते आणि खेळ सुरळीत होतो. महागड्या ‘गेमिंग’ राउटरच्या बहुतेक आकर्षक नावांमागे हीच एक गोष्ट असते.

नॅट: कोणता आकडा पुरेसा

प्लेस्टेशन नॅटचे १, २, ३ असे प्रकार सांगतो, एक्सबॉक्स ‘ओपन’, ‘मॉडरेट’, ‘स्ट्रिक्ट’ म्हणतो, स्विच ए पासून एफ पर्यंत अक्षरं देतो. प्लेस्टेशनवर प्रकार २ ही राउटरमागच्या कन्सोलची योग्य अवस्था आहे, प्रकार १ च्या मागे लागू नका. स्विचवर ए किंवा बी आलं की विषय संपला. डी आलं तर मित्रांशी जोडणी वारंवार फसते.

सुधारायचा क्रम असा ठेवा. राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवं ते पोर्ट आपोआप उघडून देणारी सोय) चालू करा, राउटर आणि कन्सोल दोन्ही पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, चाचणी घ्या. नव्वद टक्के घरांत काम इथेच संपतं असं म्हणायचा मोह होतो. आकड्याचा आग्रह नको, पण हीच पायरी सर्वांत फलदायी आहे. सुधारणा नसेल तर घरात दोन राउटर एकामागे एक आहेत का पाहा. इंटरनेट कंपनीने दिलेला डबा आणि आपण आणलेला राउटर हे दोघेही पत्ते वाटत असतील तर डब्याला ब्रिज मोडवर टाका किंवा आपल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे पत्ते एकच जण वाटेल.

यानंतरही अडलं तर राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता वाचा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते आहे. घरातल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी कंपनीच्या दारापुढे काही चालत नाही. स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मागणं हाच उपाय.

पोर्ट हाताने उघडायचीच असतील तर आधी राउटरमध्ये कन्सोलच्या मॅक पत्त्याला एक आयपी पत्ता राखून ठेवा. हे न केल्यास काही दिवसांनी पत्ता बदलतो आणि नियम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवत राहतो. एक्सबॉक्सचं मुख्य पोर्ट ३०७४, यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही प्रकारांत. प्लेस्टेशनला ३४७८ आणि ३४७९ दोन्ही प्रकारांत, शिवाय टीसीपी ३४८०. घरात दोन एक्सबॉक्स असतील तर दोघांचा डोळा ३०७४ वरच असतो आणि दुसऱ्याचा नॅट खराब येतो. एकावर ‘पर्यायी पोर्ट’ निवडून त्याला दुसरं पोर्ट द्या, मग यूपीएनपीलाही दोघांची सोय लावता येते.

आमचे गुण

निदानासाठी एक्सबॉक्सला दहापैकी नऊ. रेडिओ जुना असूनही कुठे दुखतंय हे तो नीट सांगतो, आणि ज्याला स्वतःची दुरुस्ती स्वतः करायची आहे त्याच्यासाठी ते मोलाचं आहे. प्लेस्टेशन ५ ला आठ: बँड निवडायची सोय आणि वाय-फाय ६ यांची बाजू भक्कम, चाचणीत विलंबाचा एक आकडा आला असता तर तोच पहिला ठरला असता. पहिल्या स्विचला सहा, आणि त्यातला एक गुण चाचणी खोलीभर फिरवता येते म्हणून.

वायरची सोय मात्र तिन्हींना सारखी नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सला गिगाबिटचं पोर्ट अंगातच आहे, कॅट ५ई ची साधी केबल पुरते. पहिल्या स्विचच्या डॉकला यूएसबीतून लॅन अडॅप्टर लावावा लागतो, ऑक्टोबर २०२१ च्या ओएलईडी आवृत्तीपासून डॉकमध्येच पोर्ट आलं आणि स्विच २ च्या डॉकमध्येही ते आहे. राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल ओढणं शक्य नसेल आणि घरात मेश (वाय-फाय पसरवणारे, एकमेकांशी जोडलेले अनेक डबे) असेल, तर जवळच्या मेश डब्याच्या मागे लॅनचं पोर्ट आहे का पाहा. कन्सोलला तिथून दोन मीटरची केबल द्या. डब्याचे अँटेना कन्सोलच्या अँटेनांपेक्षा मोठे असतात आणि तो उघड्यावर, उंचावर ठेवता येतो; शिवाय कन्सोल लांबच्या डब्याला चिकटून बसण्याचा प्रश्नही राहत नाही. केबल लावल्यावर कन्सोलच्या मेनूत जाऊन वायर्ड जोडणी निवडली गेली आहे ना ते बघा. केबल लावूनही वाय-फायच चालू राहिलेले कन्सोल कमी नसतात.